हँडिकॅप खरा ठेवायचा, तर कार्डं वाचावी लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोल्फ क्लबच्या महिन्याच्या स्टेबलफर्ड स्पर्धेत (हिच्यात मैदानाच्या प्रत्येक होलवर गुण मिळतात) बावीस हँडिकॅपचा, म्हणजे साधारण बावीस फटक्यांची सवलत मिळणारा, एक सदस्य पाचांपैकी तीन वेळा जिंकला आहे. क्लबमध्ये कुजबुज चालते, पण तोंडावर कोणी बोलत नाही. हँडिकॅप बरोबर राहावेत म्हणून क्लब खरोखर काही करतो का, की कॉम्प्युटर जो आकडा देईल तो मुकाट्यानं मान्य करायचा?

मी बरीच वर्षं एका क्लबच्या हँडिकॅप समितीवर काम केलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. कॉम्प्युटरचा हिशेब चुकत नाही. पण त्याच्याकडे जी स्कोअरकार्डं येतात तेवढ्यावरच तो हिशेब करतो, आणि गडबड बहुतेक वेळा तिथे असते.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण निम्मी भांडणं त्यातूनच उगवतात. लोक समजतात, हँडिकॅप म्हणजे आपला सरासरी खेळ. तो असतो आपल्या चांगल्या दिवसाचा खेळ. जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ घेतल्या जातात आणि त्यांची सरासरी हा तुमचा हँडिकॅप इंडेक्स. बाकीच्या १२ फेऱ्या बाजूला पडतात. त्यामुळे प्रामाणिक खेळाडू आपल्या हँडिकॅपइतका किंवा त्याहून चांगला खेळ साधारण चार-पाच फेऱ्यांत एकदाच करतो, आणि एरवी दोन ते पाच फटके जास्त घेतो. ‘मी कधीच हँडिकॅपला खेळत नाही, माझा वाढवा’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला आम्ही हेच सांगायचो. दर फेरीत हँडिकॅपला खेळणारा माणूस दिसला, तर त्याच्याच कार्डांकडे आमचं लक्ष जायचं.

आता फेरीचा आकडा कसा निघतो ते एका उदाहरणातून पाहू. समजा मैदानाचं कोर्स रेटिंग (तिथे स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला लागतील ते फटके) ७१.४ आहे, स्लोप (साधारण खेळाडूला ते मैदान त्याच्या मानानं किती जड जातं याचा आकडा) १२८ आणि पार (सगळ्या होलांसाठी ठरवलेले फटके) ७२. तुमचा स्कोअर ८८. ८८ मधून ७१.४ वजा केले की १६.६ उरतात. त्यांना ११३ भागिले १२८ नं गुणलं की येतात १४.७. हे त्या फेरीचं डिफरन्शियल. ११३ हा सर्वसाधारण अवघड मैदानाचा स्लोप मानलेला आहे. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो. याचा अर्थ अवघड मैदानावरचे ८८ आणि सोप्या मैदानावरचे ८८ एकाच तराजूत येतात. उलट दिशेनं, १४.२ इंडेक्सचा खेळाडू याच मैदानावर आला तर १४.२ गुणिले १२८ भागिले ११३, आणि त्यात रेटिंग व पारमधला फरक मिळवायचा, इथे तो वजा ०.६ आहे. उत्तर १५.५ च्या किंचित खाली, म्हणजे कोर्स हँडिकॅप १५. इंडेक्स खेळाडूचा, कोर्स हँडिकॅप त्या दिवशीच्या मैदानाचा आणि टीचा, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेचा. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणारे सदस्य मी आजही रोज पाहतो.

पण ८८ हा आकडा तरी सरळ येतो का? नाही. एका होलवर झालेला विचका अख्ख्या फेरीचं चित्र बिघडवू नये, म्हणून प्रत्येक होलला वरची मर्यादा आहे. तिला नेट डबल बोगी म्हणतात. पारवर दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. कोर्स हँडिकॅप १५ असलेला खेळाडू स्ट्रोक इंडेक्स ६ च्या, म्हणजे अवघडपणात सहाव्या क्रमांकाच्या, पार चारच्या होलवर आहे असं धरा. त्याला इथे एक फटका मिळतो. म्हणजे मर्यादा चार अधिक दोन अधिक एक, सात. त्यानं पहिला चेंडू पाण्यात घातला, दुसरा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), बंकरमधून बाहेर यायला तीन फटके घालवले आणि शेवटी नऊवर होल संपवला. स्पर्धेच्या कार्डावर नऊच राहतील, पण हँडिकॅपसाठी सातच धरले जातील. स्टेबलफर्डमध्ये शून्य गुण पडतो तो नेमका याच ठिकाणी, त्यामुळे त्या स्पर्धेची कार्डं हिशेबाला सोपी.

याच नियमाची एक शेपूट आहे, आणि माझ्या मते सगळ्या यंत्रणेतली सर्वांत दुर्लक्षित ओळ तीच आहे. होल सुरू केला पण पुरा न करता चेंडू उचलला, तर कार्डावर काय लिहायचं? लोक डोळे झाकून मर्यादेचा आकडा लिहितात. नियम म्हणतो, संभाव्य स्कोअर लिहा, आणि तो नेट डबल बोगीपेक्षा कमी असेल तर तोच धरा. चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर एक फटका मिळवायचा. त्याहून लांब पण वीस यार्डांच्या आत असेल तर दोन किंवा तीन, आणि वीस यार्डांपलीकडे असेल तर तीन किंवा चार. तीन फटक्यांत ग्रीनवर आलेला, दोन फुटांवरचा चेंडू ‘चला, झालंच’ म्हणून उचलला, तर कार्डावर चार यायला हवेत. तिथे सात लिहिले की तीन फटके फुकट चढले. एका फेरीत असं दोनदा झालं की डिफरन्शियल पाचेक अंकांनी फुगतं. हे सगळं कोणाच्या मनात पाप नसताना होतं.

मैदानाच्या बाजूनंही खोट येते, आणि ती खेळाडूंना दिसत नाही. रेटिंग करणारी माणसं मैदानावर फिरून लांबी मोजतात, शिवाय उंचसखलपणा, रफ (वाढलेलं गवत), बंकर, झाडं, पाणी, ग्रीनचा आकार आणि उतार अशा अडथळ्यांना गुण देतात. डोळ्यांसमोर दोन खेळाडू ठेवलेले असतात. एक स्क्रॅच, जो पुरुषांच्या हिशेबात टीवरून सुमारे २५० यार्ड मारतो, आणि दुसरा बोगी गोल्फर, म्हणजे साधारण खेळाडू, जो सुमारे २०० मारतो. स्त्रियांसाठी हेच अंतर अनुक्रमे २१० आणि १५०. या दोघांच्या अपेक्षित स्कोअरमधली दरी म्हणजे स्लोप. १८० यार्डांवर आडवं पाणी असेल, तर स्क्रॅच खेळाडूला त्याचं काही वाटत नाही आणि बोगीवाल्याची मात्र छाती धडधडते. अशा होलनं रेटिंग फारसं हलत नाही, स्लोप चढतो.

यात लांबीचा वाटा सर्वांत मोठा. पुरुषांच्या रेटिंगमध्ये २२० यार्डांचा एक फटका धरतात, स्त्रियांच्या १८० चा. म्हणजे माळ्यानं सोयीसाठी दिवसभराच्या टीच्या खुणा सगळीकडे पुढे सरकवल्या आणि मैदान ११० यार्डांनी आखूड झालं, की प्रत्येक पुरुष खेळाडूला अर्धा फटका आयता मिळाला. असं महिनाभर चाललं तर साऱ्या क्लबचे इंडेक्स खाली येतात आणि हेच लोक बाहेरच्या मैदानावर जाऊन मार खातात. म्हणून रेटिंग करताना ठोकलेल्या कायमच्या खुणांच्या आसपासच रोजच्या खुणा ठेवायच्या, काही होलवर पुढे नेल्या तर तितक्याच दुसऱ्या होलवर मागे न्यायच्या, आणि एकूण फरक १०० यार्डांच्या आत राखायचा. आमच्या समितीनं पहिल्या वर्षी केलेलं सर्वांत उपयोगी काम म्हणजे मैदान सांभाळणाऱ्या मुकादमाला चहाला बोलावणं. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मैदानाचं रेटिंगही दर दहा वर्षांत निदान एकदा नव्यानं करून घ्यावं लागतं. झाडं वाढतात, बंकर बुजतात, आणि जुना आकडा हळूहळू खोटा पडत जातो.

वारा-पावसाची सोय यंत्रणेत आहे. त्या दिवशी त्या मैदानावर आलेल्या कार्डांची अपेक्षेशी तुलना होते आणि गरज पडली तर सगळ्यांना वजा एक ते अधिक तीन एवढी दुरुस्ती मिळते. त्यासाठी निदान आठ कार्डं लागतात, म्हणून कार्ड त्याच दिवशी भरा असा आमचा आग्रह असतो. चार दिवसांनी आठवून भरलेलं कार्ड त्या दिवसाच्या हिशेबात येत नाही. वरच्या उदाहरणात अधिक दोनची दुरुस्ती मिळाली असती (ती स्कोअरमधून वजा होते) तर १४.७ चे १२.९ झाले असते. आपण वादळात ८८ मारले याची नोंद कुठेतरी झाली, एवढं समाधान त्यात असतं.

इंडेक्स उगाच चढू नये म्हणून दोन ब्रेक आहेत. गेल्या ३६५ दिवसांतला तुमचा सर्वांत कमी इंडेक्स पाया धरतात. समजा तो १०.० होता. ताज्या हिशेबानं १६.० आला. तीनपर्यंतची वाढ पूर्ण मिळते, त्यावरची निम्मी. म्हणजे १३.० अधिक १.५, एकूण १४.५. आणि काहीही झालं तरी १५.० च्या वर नाही. उतरायला मात्र कसलीच आडकाठी नाही. उलट, एखादी फेरी तुमच्या इंडेक्सपेक्षा सातनं किंवा जास्तीनं चांगली आली तर साऱ्या नोंदीतून एक वजा होतो, दहा किंवा जास्तीनं चांगली आली तर दोन. ब्रिटनमधल्या जुन्या पद्धतीत वाईट फेरीला हँडिकॅप ०.१ नं सरके, त्यामुळे फुगवायचा तर वर्ष जायचं. आताचा आकडा दोन्हीकडे चपळ आहे, म्हणून हे ब्रेक लागले. पण ते नोंदीत २० फेऱ्या झाल्यावरच चालू होतात. नवा सदस्य ५४ होलांच्या कार्डांवर इंडेक्स घेतो, तो ५४.० पर्यंत असू शकतो, आणि विसाव्या कार्डापर्यंत त्याच्यावर ब्रेक नसतो. आधी कुठे खेळला होतात, हा प्रश्न त्याला प्रवेशाच्या दिवशीच विचारावा.

आता खऱ्या अवघड भागाकडे. मोठी उडी यंत्राला दिसते. जिथे उडीच नसते, नुसती पातळ केलेली नोंद असते, तिथे यंत्र आंधळं असतं.

एका सदस्याचं प्रकरण आमच्यापुढे आलं. त्याच्या २० फेऱ्यांत चार स्पर्धेच्या होत्या. डिफरन्शियल ९.६, ९.९, १०.१, १०.४. सोळा फेऱ्या मित्रांबरोबरच्या, त्यातल्या सर्वांत चांगल्या चार १६.५ ते १७.३, बाकी त्याहून वर. उत्तम आठांची सरासरी काढा. चार स्पर्धा मिळून ४०, चार मित्रांच्या फेऱ्या मिळून ६८, एकूण १०८, भागिले आठ. इंडेक्स १३.५. स्पर्धेत तो खेळत होता दहाचा खेळ आणि घेत होता साडेतेरा. आणि त्याची सर्वांत चांगली फेरी इंडेक्सहून फक्त ३.९ नं चांगली. सातची घंटा कधी वाजलीच नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं सगळं आलबेल.

संशय आला तो एका साध्या गोष्टीवरून. माणसं सहसा स्पर्धेत जरा वाईट खेळतात. हात कापतात, दोन फुटांचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) चुकतो. इथे उलट होतं, आणि थोडंथोडकं नव्हे तर सात अंकांनी. आम्ही होलनिहाय आकडे काढले. मित्रांच्या फेऱ्यांत सोळावा, सतरावा, अठरावा होल, जवळजवळ प्रत्येक कार्डावर नेट डबल बोगी. स्पर्धेत त्याच तीन होलांवर तो पार आणि बोगी (पारहून एक जास्त) करत होता.

त्याला बोलावून विचारलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, “अहो, पंधराव्यापर्यंत आमची पैज संपलेली असते. मग गप्पा मारत येतो आम्ही. चेंडू उचलतो आणि मोठा आकडा टाकतो.” तो मुद्दाम करत होता का? मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. पण त्यानं काही बदलत नाही. आम्ही त्याचा इंडेक्स दोननं उतरवला, पत्रात कारण लिहिलं आणि संभाव्य स्कोअरचा नियम त्या पूर्ण चौकडीला समजावला. समितीला असा अधिकार आहे. बदल निदान एकचा असावा लागतो, खेळाडूला आधी कळवून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि वाढवताना एरवी गेल्या वर्षाच्या नीचांकाहून पाचच्या वर जाता येत नाही. वाढवण्याचा अधिकार लोक विसरतात. खांद्याची शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या सदस्याला ब्रेक लावून अडवून ठेवणं हाही अन्यायच, तिथे समिती तो ब्रेक उठवू शकते.

इंग्रजीत फुगवलेला हँडिकॅप बाळगणाऱ्याला सँडबॅगर किंवा बँडिट म्हणतात. पण क्लबमध्ये त्याच्या उलट जातीचे लोक जास्त, निदान माझ्या अनुभवात. त्यांना आठ हा आकडा सांगताना अभिमान वाटतो, म्हणून चार फुटांचे पट ‘दिले’ धरायचे (न मारताच गेले असं मानायचं), वाईट फेरीचं कार्ड खिशातच ठेवायचं. याचा त्रास कोणाला, असं वाटेल. त्याच्या जोडीदाराला विचारा, जो सांघिक सामन्यात त्याच्या जिवावर उतरला आणि पहिल्या नऊ होलांतच बुडाला. न दिलेल्या कार्डाबद्दल समिती दंडाचं डिफरन्शियल टाकू शकते. कार्ड लपवून हँडिकॅप चढा ठेवला असेल तर नोंदीतलं सर्वांत कमी, उतरता ठेवला असेल तर सर्वांत जास्त.

म्हणून आम्ही एक पद्धत बसवली. हँडिकॅपसाठी खेळायचं असेल तर पहिल्या टीवर जाण्यापूर्वी नाव नोंदवायचं. फेरी संपल्यावर ‘चांगली झाली, आता कार्ड भरतो’ हे बंद. नोंदवलेलं आणि न आलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी यादीत दिसतं. बरोबर निदान एक जण हवा, एकट्यानं खेळलेली फेरी चालत नाही, आणि कार्ड होलनिहाय भरायचं, नुसता एकूण आकडा नाही. सगळ्यांचे स्कोअर सदस्यांना पाहता येतील असे ठेवायचे. तुमच्याबरोबर खेळणारा माणूस हाच तुमच्या हँडिकॅपचा पहिला पहारेकरी, आणि त्याला बघायलाच मिळालं नाही तर तो पहारा कसला देणार? वर्षातून एकदा समिती सर्वांची यादी चाळते, स्पर्धा आणि मित्रांच्या फेऱ्या शेजारी शेजारी ठेवून. शंभर सदस्यांपैकी पाच-सहांवर बोट थांबतं, बाकीच्यांना हात लावायचं कारण नसतं.

टक्केवारीबद्दल दोन ओळी, कारण त्यावरही कुरकुर होते. खूप खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धेत कोर्स हँडिकॅपचे ९५ टक्केच मिळतात. कारण जास्त हँडिकॅपवाल्यांचा खेळ वरखाली फार होतो. ऐंशी जणांच्या यादीत अशा वीस जणांपैकी एखाद्याचा सोन्याचा दिवस हमखास असतो, आणि चारवाला कितीही नीट खेळला तरी त्याला गाठू शकत नाही. पाच टक्क्यांनी ही तफावत थोडी कमी होते. दोघांच्या सामन्यात समोर एकच माणूस, म्हणून तिथे पूर्ण १०० टक्के. चौकडीच्या बेटर बॉल स्ट्रोक प्लेमध्ये (प्रत्येक होलवर जोडीतल्या दोघांपैकी चांगला स्कोअर धरतात) ८५. हे आकडे स्पर्धा समितीनं आपल्या मनानं बदलू नयेत.

आता तुमच्या बावीसवाल्याकडे येतो. प्रथम जिंकलेल्या तीन दिवसांचे गुण पाहा. हँडिकॅपला खेळलं की ३६ च्या आसपास येतात. तो ३८-३९ वर जिंकत असेल, तर इतर लोक वाईट खेळले असावेत किंवा त्या दिवशी नावंच कमी असावीत, कुजबुज थांबवा. ४३-४४ दोनदा दिसले तर गोष्ट वेगळी. तो अजून वीस कार्डांच्या आत आहे का, हेही बघा. नव्यानं खेळायला लागलेला माणूस शिकवणी घेत असेल तर महिन्यामहिन्याला सुधारतो, आणि त्याचा हँडिकॅप त्याच्या मागे धापा टाकत धावत असतो. अशा माणसाला चोर ठरवणं वाईट. त्याला जास्त कार्डं भरायला लावलं की आकडा आपोआप त्याला गाठतो.

आणि कार्डं बघूनही शंका उरलीच, तर समितीला चार ओळींचं पत्र द्या. त्यात तारखा लिहा, गुण लिहा, कोण कोण बरोबर खेळले ते लिहा. त्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको. आम्हाला अशी पत्रं वर्षाला दोन-तीन यायची. ज्यात तारखा असायच्या ती त्याच बैठकीत निकाली निघायची.